तुरीच्या युरिएजची रचना अभ्यासताना

चि. विद्यार्थ्यास, अनेक आशीर्वाद.

वाशिमकडच्या आपल्या शेतातील तुरीपासून युरिएज हे युरिया फोडणारे विकर (एन्झाइम) वेगळे करून त्याचे स्फटिक करण्याचा तुझा मानस पत्रातून कळला. मानस चांगला आहे. परंतु आधी इतरांनी सोडवलेली रचना, म्हणजे रेणूतील अणूंची मांडणी, बारकाईने वाचावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तुरीच्याच युरिएजची रचना मद्रास विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली असून प्रोटीन डेटा बँक या प्रथिनरचनांच्या खुल्या संग्रहातून ती विनामूल्य उतरवून घेता येते. गावात रात्री नेट बरे चालते, तेव्हा हे काम उरकून ठेवावे.

जेम्स सम्नर यांनी १९२६ मध्ये अबईच्या जातकुळीतील जॅकबीनपासून युरिएजचे स्फटिक मिळवले, तेव्हा विकरे ही प्रथिने असतात हेच अनेक रसायनशास्त्रज्ञांना मान्य नव्हते. त्या विकरात निकेल असते हे १९७५ मध्ये कळले आणि त्याची स्फटिकरचना २०१० मध्ये हाती आली. म्हणजे स्फटिक मिळाला की रचना उलगडली, असे होत नाही.

पडद्यावर दिसणाऱ्या रंगीत वेटोळ्यांनाच रचना समजू नकोस. स्फटिकातून क्ष-किरण विखुरतात (विवर्तन), त्याच्या मोजमापांतून तयार होतो तो इलेक्ट्रॉनांच्या घनतेचा नकाशा. त्यात अणू बसवतो तो माणूस, आणि बसवताना त्याची पूर्वसमजूत आड येऊ शकते. जॅकबीन युरिएजची रचना २.०५ अँगस्ट्रॉम विभेदनाची आहे; विभेदन म्हणजे नकाशात किती बारीक तपशील वेगळा दिसतो त्याचे माप. एवढ्या विभेदनात दोन निकेल अणू ठळक दिसतात, त्यांना सांधणारे, कार्बन डायऑक्साइड जोडला गेलेले लायसिन हे अमिनो आम्लही ओळखता येते. हायड्रोजन मात्र दिसत नाहीत. त्यामुळे निकेलांच्या मधला ऑक्सिजन पाण्याचा की हायड्रॉक्साइडचा, हे केवळ नकाशावरून सांगता येत नाही, आणि युरिया फोडण्याची क्रिया नेमकी त्याच जागी घडत असल्याने ही शंका क्षुल्लक नव्हे. अल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीने भाकीत केलेल्या रचनांच्या संग्रहातील रचनेत तर निकेलच नसते; तेवढ्यावर विसंबून राहू नये.

प्रत्यक्ष कामास लागशील तेव्हा बहुतेक वेळ प्रथिन शुद्ध करण्यातच जाईल. त्यासाठी गिरणीतली डाळ किंवा बीजप्रक्रियेचे औषध लावलेले बियाणे घेऊ नकोस; घरचे अख्खे, न भाजलेले बी घे.

तूर्त त्या दोन निकेलांभोवतालच्या प्रत्येक अणूचे अंतर मोजून मला पाठव, आणि जिथे नकाशा फिका असूनही अणू बसवलेले दिसतील, त्या जागांची वेगळी नोंद कर.