ऑर्किड बियांपासून: सामान नंतर, आधी कोऱ्या बाटल्या

पाऊस ओसरला की आमच्या कार्यालयात भात, आंबा, सुपारीच्या प्रश्नांबरोबर हल्ली ऑर्किडचेही प्रश्न येतात. बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते: बी कुठे मिळेल, सामान कुठे मिळेल, आणि दुकानदार म्हणतो ते घेऊ का? निवडक प्रश्नांची उत्तरे देतो.

कुडाळ: मोबाइलवरून ऑर्किडच्या 100 बियांची तीन पाकिटे मागवली. कोकोपीटमध्ये पेरली, दोन महिने झाले तरी एकही उगवली नाही. बियाणे भेसळीचे होते का?

भेसळीचे नव्हते, ते ऑर्किडचेच नव्हते. ज्या बिया तुम्हाला मोजता आल्या त्या ऑर्किडच्या नाहीत, एवढी एक खूणगाठ बांधली तरी पैसे वाचतील. ऑर्किडचे बी पावडरीसारखे असते, फुंकर मारली तर उडून जाते. एका शेंगेत लाखांनी असते. भाताच्या दाण्यात कोंबाला पुरेल एवढी शिदोरी असते, या बीत ती नसतेच. रानात एक विशिष्ट बुरशी त्याला भरवते, तेव्हा कुठे ते रुजते. 1922 साली लुइस नडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवले की साखर आणि क्षार घातलेल्या काचेच्या नळीत हे बी बुरशीशिवायही रुजते. आपण आज बाटलीत करतो ते तेच.

म्हणजे खरे बी जरी कुणी दिले तरी ते मातीत, कोकोपीटमध्ये, शेणखतात पेरून काही होणार नाही. निळ्या गुलाबी फुलांचा फोटो असलेली पाकिटे घेऊ नका. पुन्हा सांगतो, घेऊ नका. बिल असेल तर ग्राहक मदतवाहिनी 1915 वर तक्रार करा. बी हवे असेल तर ते आपल्याच झाडावर हाताने परागीकरण करून धरायचे, किंवा ओळखीच्या बागायतदाराकडून तारीख लिहिलेली शेंग आणायची.

दापोली, बचत गट: घरी ऑर्किडची रोपे करायचे किट 18 हजार रुपयांना सांगतात. घ्यावे का? काय काय लागते?

नको, ताई. त्या किटमधले निम्मे सामान तुमच्या स्वयंपाकघरात आहे आणि उरलेल्यातले निम्मे लागतच नाही.

पाच लिटरचा कुकर चालतो. घरच्या कुकरची शिट्टी साधारण 15 पौंड दाबाला होते, प्रयोगशाळेतही माध्यम, म्हणजे बी ज्यावर रुजते ते साखर-क्षारांचे खाद्य, तेवढ्याच दाबाला, 121 अंशाला शिजवतात. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून 20 ते 25 मिनिटे. वेळ घड्याळावर धरा, शिट्ट्या मोजू नका. आणि घाईने शिट्टी उचलून वाफ काढू नका, माध्यम उकळून झाकणापर्यंत येते आणि सगळी मेहनत फुकट जाते.

बरण्या काचेच्या हव्यात, जॅम-लोणच्याच्या, पत्र्याच्या झाकणाच्या. पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक कुकरमध्ये आकसून गोळा होते. झाकणाला खिळ्याने एक भोक पाडून त्यात कापूस घट्ट बसवा. कुकरमध्ये ठेवताना झाकण अर्धा आटा सैल ठेवा, नाहीतर बरणी फुटेल.

माध्यमासाठी एमएस (मुराशिगे-स्कूग) या क्षारांच्या पावडरीचे तयार पाकीट मिळते. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकल आणि लॅबचे सामान विकणारी दुकाने आहेत, तिथे विचारा. जिल्ह्याच्या ठिकाणी कॉलेजांना सामान पुरवणारा एखादा तरी असतो, तो मागवून देतो. एक लिटरचे पाकीट दोन लिटरला वापरायचे. ऑर्किडच्या बीला पूर्ण ताकद सोसत नाही, निम्मी पुरते. पाकीट घेताना त्यात साखर आणि अगार आधीच आहे का ते लेबलवर वाचा. काही पाकिटांत असते, आणि लोक वरून पुन्हा घालतात. नसेल तर दोन लिटरला साखर 40 ग्रॅम, अगार 15 ग्रॅमच्या आसपास, सक्रिय कोळसा 2 ग्रॅम. शहाळ्याचे पाणी 200 मिली घातले तर उत्तम, तेवढे साधे पाणी कमी घ्या. वाण्याकडचा चायना ग्रास म्हणजे अगारच. चालतो, फक्त घट्टपणा कमी-जास्त होतो म्हणून आधी वाटीभर करून बघा. फळांच्या चवीची जेलीची पाकिटे मात्र नकोत. पाणी डिस्टिल्ड घ्या, बॅटरीत घालतात ते चालते. बॅटरीचे पाणी म्हणालो, ॲसिड नव्हे.

फोडलेले पाकीट ओल धरते, म्हणून निम्मे ठेवून देऊ नका. दोन लिटरच्या साधारण 50 बरण्या होतात आणि कुकर आठ-नऊ वेळा लावावा लागतो. गटाने मिळून करायचे काम आहे ते हेच.

बी पेरायला गाळलेली स्वच्छ हवा सोडणारे मोठे लॅमिनार यंत्र नको. पारदर्शक प्लास्टिकचा मोठा डबा आडवा करून त्याला हात जातील एवढी दोन भोके पाडा, आतून 70 टक्के स्पिरिटने पुसा. हीच आपली पेटी. चाकू आणि चिमटा फॉइलमध्ये गुंडाळून बरण्यांबरोबरच कुकरमध्ये शिजवा, म्हणजे ज्योतीवर धरायची गरजच उरत नाही. स्पिरिट फवारलेल्या पेटीत मेणबत्ती किंवा लायटर नेऊ नका. भडका उडतो. मी एकाच्या भुवया जळालेल्या पाहिल्या आहेत, तो हसत सांगत होता, पण मला हसू आले नाही.

आता या सगळ्यात महत्त्वाचे. पहिल्या खेपेला बी पेरूच नका. दहा बरण्या माध्यम भरून शिजवा. त्यांतल्या पाच तशाच ठेवा. उरलेल्या पाच पेटीत नेऊन, झाकण उघडून, चिमटा आत फिरवून पुन्हा बंद करा. आठ दिवस थांबा. पहिल्या पाचांत बुरशी आली तर तुमचा कुकर किंवा झाकणे चुकली. दुसऱ्या पाचांत आली तर तुमचा हात किंवा पेटी चुकली. दहाही स्वच्छ राहिल्या की मगच शेंगेला हात लावा. शेंग एकच असते, ती धरायला चार महिने गेलेले असतात. ती शिकण्यात घालवू नका.

लांजा: दुकानदाराने बी लवकर उगवावे म्हणून बीए आणि एनएए ही संजीवके दिली, शिवाय बुरशी येऊ नये म्हणून माध्यमातच कार्बेन्डाझिम घाल म्हणाला. प्रमाण किती ठेवू?

शून्य.

बी रुजायला संजीवक लागत नाही. ती लागतात उतीसंवर्धनात (टिश्यू कल्चर), एका डोळ्याचे शंभर फुटवे करायला. बी रुजले की आधी बारीक हिरवा गोळा होतो. बीच्या बरणीत संजीवके घातलीत तर त्या गोळ्यांचे आणखी गोळे होत राहतात, पान आणि मूळ फुटत नाही. तेही मिलिग्रॅममध्ये मोजायचे काम. आपल्याकडे टोपणाने मोजतात. कपाशीला, द्राक्षाला जे चालले ते इथे चालेल हा दुकानदाराचा हिशोब आहे, त्याला बाटली खपवायची आहे. बुरशीनाशकाचेही तेच. माध्यम नीट शिजले नसेल तर कार्बेन्डाझिम वाचवत नाही, जिवाणूंवर तर त्याचा काही इलाजच नाही.

याच दुकानांतून दुसरी एक पुडी दिली जाते, बी निर्जंतुक करायला म्हणून: मर्क्युरिक क्लोराइड. पाऱ्याचे विष आहे ते. प्रयोगशाळेत वापरत असतील, तिथे हातमोजे असतात आणि सांडपाण्याची सोय असते. तुमच्या मोरीत ते जाता कामा नये. घरात आणू नका, कुणी फुकट दिले तरी आणू नका. कपड्यांना लावायचे साधे बिनवासाचे ब्लीच पुरते: एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब. सुटे बी त्यात पाच ते दहा मिनिटे, मग शिजवलेल्या पाण्याने दोनदा धुवा. जास्त वेळ ठेवले तर जास्त स्वच्छ होईल, असे नाही. बी पांढरे पडले म्हणजे आतला गर्भ मेला. आणि ब्लीच दुसऱ्या कशातही मिसळू नका, ॲसिडमध्ये तर मुळीच नाही, विषारी वायू सुटतो.

सावंतवाडी: डेंड्रोबियम जातीच्या ऑर्किडला शेंग धरली आहे. पूर्ण वाळून तडकेपर्यंत थांबू का?

थांबू नका. माझा भर कायम हिरव्या शेंगेवर राहिला आहे. शेंग तडकली की बी बाहेरच्या हवेला लागते, आपल्या दमट हवेत त्यावर लगेच बुरशी बसते, मग ब्लीचमध्ये बुडवा, धुवा, त्यात निम्मे बी वाहून जाते. बंद हिरव्या शेंगेच्या आत मात्र सगळे निर्जंतुकच असते. बाहेरून ब्रशने साबण लावून घासा, वरच्याच ब्लीचच्या पाण्यात 15 मिनिटे ठेवा, स्पिरिटने पुसून वाळू द्या, पेटीत नेऊन चाकूने चिरा आणि बी थेट बरणीत झटका. चिमटीत हळद घेता त्याच्याही निम्मे एका बरणीला पुरे. दाट पेरले तर एकमेकांना खातात.

प्रश्न फक्त वेळेचा. बाजारातल्या संकरित डेंड्रोबियमची हिरवी शेंग परागीकरणानंतर 100 ते 120 दिवसांत काढता येते. फॅलेनॉप्सिस या ऑर्किडला आणखी महिनाभर लागतो, वांडा या ऑर्किडला त्याहून बरेच जास्त. म्हणून परागीकरण केले त्याच दिवशी दांड्याला तारखेची चिठ्ठी बांधा. "गणपतीच्या आसपास केले होते" असे मला सांगू नका, गणपती दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो. शेंग तडकलीच असेल तर बी कागदाच्या पुडीत, पुडी सिलिका जेल घातलेल्या घट्ट बाटलीत, बाटली फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्यात नव्हे.

कोकणात बरण्यांचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच करा. ऑगस्टमध्ये परागीकरण केले की शेंग डिसेंबरात हाताशी येते, हे गणित बसवा. जून ते सप्टेंबर भिंतीलाही बुरशी येते, बरणी काय वाचणार? पावसाळ्यात बारीक कोळी कापसातून आत शिरतात आणि पायाला बुरशी चिकटवून नेतात, ती वेगळीच. खराब झालेली बरणी घरात उघडू नका. आधी कुकरमध्ये शिजवा, मग धुवा.

गुहागर: माध्यम घट्टच होत नाही. अगार दुप्पट करू का?

अगार वाढवू नका, सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा) बघा. आंबट माध्यमात अगार शिजताना तुटतो. लिटमस नव्हे, आकडे असलेली सामूपट्टी आणा, 5.2 ते 5.8 च्या दरम्यान हवा. कमी असेल तर खाण्याच्या सोड्याचे पाणी थेंबाथेंबाने. दुसरे कारण म्हणजे कुकर तासभर ठेवणे. जास्त शिजवले म्हणजे जास्त निर्जंतुक, हा गैरसमज आहे.

देवरूख: बरणीतून काढलेली रोपे आठवड्यात काळी पडली. आधी 19:19:19 दिले होते.

किती दिले ते लिहिले नाहीत, म्हणजे भाजीला देता तेवढे दिले असणार. बाटलीतले रोप म्हणजे दात न आलेले मूल. पहिले तीन आठवडे खत नाही. मग लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, बस्स. मुळांवरचे माध्यम कोमट पाण्याने पूर्ण धुऊन काढा. त्यात साखर असते, कुजण्याची सुरुवात तिथूनच होते. रोपे कोकोपीटमध्ये गाडू नका. नारळाच्या सोडणाचे बोटभर तुकडे दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवा, त्यात कोळशाचे तुकडे मिसळा. डिसेंबरात पेरलेले, मधे एकदा नव्या बरणीत विरळ लावलेले रोप पुढच्या ऑक्टोबरात बाहेर काढण्याजोगे होते, पाऊस गेल्यावर.

एक गोष्ट सुपारीवाल्यांसाठी. कोळेरोगासाठी बोर्डो मारता तेव्हा खाली टांगलेली ऑर्किड हलवा. ताम्रयुक्त औषध डेंड्रोबियमला सोसत नाही, कोवळ्या रोपांना तर नाहीच. बोर्डो सुपारीला मारा, पण ऑर्किडवर त्याचा तुषारही नको.

चिपळूण: अर्धा एकर शेडनेटमध्ये फुलशेती करायची आहे. बियांपासून रोपे केली तर स्वस्त पडतील ना? अनुदान आहे का?

स्वस्त पडणार नाहीत. बियांची रोपे बहिणभावंडांसारखी असतात, रंग, उंची, दांड्याची लांबी सगळे वेगळे. बाजाराला एकसारखा दांडा हवा असतो. शिवाय पहिले फूल यायला तीन-चार वर्षे. फुलशेतीला उतीसंवर्धित रोपेच घ्या, प्रमाणित प्रयोगशाळेची, पावतीसह. "रोपे घ्या, फुले आम्हीच विकत घेऊ" म्हणणाऱ्यापासून दूर राहा. व्हॅनिला हेही ऑर्किडच, आणि त्या वेलींच्या वेळी हेच वाक्य इथल्या अनेकांनी ऐकले होते.

अनुदान: शेडनेट आणि लागवड साहित्याला एकात्मिक फलोत्पादन अभियानात, मापदंडाच्या मर्यादेत. अर्ज महाडीबीटीवर, शेतकरी ओळख क्रमांक लागतो. पूर्वसंमतीआधी खर्च केलात तर तो धरला जात नाही. घरगुती बरण्यांना काही नाही.

आंबोली: सीतेची वेणी या रानातल्या ऑर्किडच्या शेंगा आणून बी लावावे का?

जंगलातून झाड, फांदी, शेंग काही आणू नका, वनविभागाचा गुन्हा होतो, आणि "मी पडलेली फांदी उचलली" हे तिथे चालत नाही. तुमच्या मालकीच्या आंब्या-फणसावर वेणी असेल तर तिला बांडगूळ समजून काढू नका, ती झाडाचे काही खात नाही. तिथेच एक बिनखर्ची प्रयोग करता येतो. शेंग तडकू लागली की बी मूळ झाडाच्या मुळांलगतच्या खडबडीत सालीवर चोळा. तिला लागणारी बुरशी तिथे आधीच असते. रुजले तर पहिले कित्येक महिने ते हिरवट शेवाळासारखेच दिसेल, खरवडू नका.