व्हिनिअरचे पॅनेल आगीला कसे तोंड देईल?

प्रश्न : व्हिनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावलेल्या पॅनेलवर अग्निरोधक लेप दिला की काम भागते, असे सांगितले जाते, मात्र अशा द्रव्यांतील रसायने घातक असतात, असेही वाचनात आले. लाकडाच्या रेषा न झाकता आणि आरोग्याला अपाय न होता हे साधता येईल का?

उत्तर : साधता येते, परंतु ते काम पॅनेल तयार झाल्यावर नव्हे, तर व्हिनिअर चिकटवण्याआधी करणे श्रेयस्कर ठरते. लाकूड सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढे विघटित होऊ लागते, ३०० ते ४०० अंशांच्या दरम्यान त्यातील सेल्युलोज झपाट्याने तुटते आणि त्यातून निघणारे वायू पेट घेतात. जाड तुळईवर कोळशाचा थर धरतो आणि आतले लाकूड वाचते. अर्ध्या मिलिमीटरच्या व्हिनिअरला असे वाचवण्याजोगे ‘आत’ काही उरतच नाही. मात्र हाच पातळपणा उपचाराच्या वेळी फायद्याचा ठरतो, कारण जाड लाकडात द्रावण मुरवण्यासाठी निर्वात आणि दाब वापरावा लागतो, तर व्हिनिअर नुसते बुडवून ठेवले तरी ते बरेच आतपर्यंत भिजते.

द्रावणात बहुधा फॉस्फरसची संयुगे असतात. उष्णता लागताच त्यांतून फॉस्फरिक आम्ल तयार होते आणि ते सेल्युलोजमधील पाणी काढून घेते, त्यामुळे ज्वलनशील वायू कमी निघतात आणि कोळसा अधिक धरतो. ही कल्पना जुनी आहे : फ्रान्समध्ये रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी १८२१ मध्ये नाट्यगृहांतील कापडासाठी अमोनियम फॉस्फेट आणि टाकणखार यांचे प्रयोग केले होते. टाकणखार आणि बोरिक आम्ल आजही वापरले जातात, पण युरोपीय संघाने त्यांची नोंद प्रजननक्षमतेस घातक अशी केली आहे. ब्रोमिनयुक्त द्रव्ये तर आगीत विषारी आणि धातू गंजवणारा आम्लधर्मी धूर सोडतात. माझ्या मते घराच्या आत त्यांना जागा नसावी.

वनस्पतीजन्य पर्यायांत फायटिक आम्ल सर्वांत आश्वासक वाटते. बिया आपला फॉस्फरस याच रूपात साठवतात आणि तांदळाच्या कोंड्यातून ते मिळवता येते. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणाऱ्या कायटोसॅनचा भार धन आणि फायटिक आम्लाचा ऋण असल्याने, आळीपाळीने बुडवल्यास दोन्ही एकमेकांना धरून राहतात. दुसरी वाट म्हणजे लाकडाच्या पेशींमध्येच कॅल्शियम कार्बोनेट तयार होऊ देणे; त्यात विषारी काही नसते, पण वजन वाढते.

तथापि द्रव्य कोंड्यातून आले एवढ्यावर उपचार शाश्वत ठरत नाही. ते पाण्यात विरघळून निघून गेले, तर संरक्षणही जाते आणि पाण्यात पोहोचलेला फॉस्फरस शेवाळ वाढवतो. म्हणून ज्यातील क्षार लाकडाशी पक्के बांधलेले नाहीत असे व्हिनिअर कोरड्या, आतल्या जागेतच वापरावे. शिवाय आम्लाने तंतू ठिसूळ होतात. अमेरिकेत १९८०च्या दशकात छपरांखालील अग्निरोधक प्लायवुड उन्हाच्या तापाने असेच कमकुवत झाले होते, हे विसरून चालणार नाही. द्रावणाची आम्लता कमी करून घेणे त्यामुळेच अत्यावश्यक आहे. क्षार हवेतील ओल ओढतात आणि गोंद पकडण्यात अडथळा आणतात, तेव्हा चिकटवण्यापूर्वी व्हिनिअर नीट सुकवून एका तुकड्यावर जोड तपासून पाहावा.

खरेदी करताना चाचणी कशाची झाली, हे अवश्य विचारावे. आगीला तोंड देण्याच्या युरोपीय वर्गवारीत (‘ए’ सर्वांत सुरक्षित, ‘एफ’ सर्वांत कमी) साधे लाकडी पॅनेल सहसा ‘डी’ वर्गात येते आणि उपचारित पॅनेल ‘बी’पर्यंत पोहोचू शकते, पण तो दर्जा त्याच गोंदासह, त्याच तळफळीसह आणि त्याच पॉलिशसह तपासलेल्या पॅनेलचा असतो. त्यावर पुढे नायट्रोसेल्युलोज लॅकर चढवले, तर ते स्वतःच अत्यंत ज्वलनशील असल्याने तो दाखला लागू राहत नाही. आपली पॅनेल आधीच भिंतीवर बसवलेली असतील, तर उष्णतेने फुगून फेसाचा थर धरणारा पारदर्शक लेप हाच व्यवहार्य उपाय आहे. मात्र ओरखडे पडतील तिथे तो वेळोवेळी पुन्हा द्यावा लागेल.