लाइफबोटचा शोध नेमका कोणी लावला?

पेटंट ज्याचं तो शोधक, असं मानलं तर लायोनेल ल्युकिन. लंडनमध्ये घोडागाड्या बांधणाऱ्या या गृहस्थाने बूच आणि हवाबंद कप्पे लावलेल्या न बुडणाऱ्या बोटीचं पेटंट 1785 मध्ये घेतलं. पण माझं मत विचाराल तर मी विल्यम वुडहेवचं नाव घेईन. (जहाजावर टांगलेल्या नव्हे, किनाऱ्यावरून मदतीला धावणाऱ्या बोटींबद्दल बोलतोय.)

1789 मध्ये इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्सजवळ, टाइन नदीच्या मुखाशी, 'अ‍ॅडव्हेंचर' नावाचं जहाज वाळूत रुतलं. समुद्र इतका खवळलेला की होडी घालायची कुणाची छाती होईना. काठावर जमलेल्या गर्दीच्या डोळ्यांदेखत खलाशी एकेक करून पाण्यात पडले. हादरलेल्या गावातल्या प्रतिष्ठितांनी सुरक्षित बोटीच्या आराखड्यासाठी दोन गिनींचं बक्षीस लावलं.

वुडहेव चर्चमध्ये कारकून होता. त्याने पत्र्याची छोटी प्रतिकृती करून दाखवली. तिची खुबी अशी, की उलटली तरी आपोआप सुलटी व्हायची. समितीने त्याच्या हातावर एकच गिनी टेकवली आणि बोट बांधायचं काम हेन्री ग्रेटहेडला दिलं. 1790 ची ही 'ओरिजिनल' सुमारे तीस फुटी, दहा वल्ह्यांची, बाजूंना बूच बसवलेली. दोन्ही टोकं सारखी, म्हणून लाटांत न वळवताच मागे फिरता यायचं. बोट उत्तमच होती. ग्रेटहेडने अशा तीसेक बांधल्या आणि 1802 मध्ये पार्लमेंटने त्याला 1200 पौंड दिले. वुडहेव मात्र गरिबीतच 1821 मध्ये वारला.

मधल्या काळात, 1824 मध्ये, सर विल्यम हिलरींच्या खटपटीतून देशभरासाठी संस्था उभी राहिली. तीच आजची आरएनएलआय, म्हणजे रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन.

पण 'ओरिजिनल'मध्ये वुडहेवची मुख्य कल्पनाच गाळली होती. ती उलटली की सुलटी होत नसे. डिसेंबर 1849 मध्ये त्याच साउथ शील्ड्सला 'प्रॉव्हिडन्स' ही लाइफबोट उलटली आणि तिच्यावरच्या 24 जणांपैकी 20 बुडाले. मग ड्यूक ऑफ नॉर्थम्बरलँडने शंभर गिनींचं बक्षीस लावलं. 1851 मध्ये ते ग्रेट यार्मथच्या जेम्स बीचिंगने जिंकलं. त्याची बोट उलटली तरी आपोआप सुलटी व्हायची! पुढे जेम्स पीकने त्या आराखड्यात सुधारणा केल्या आणि हिलरींच्या संस्थेने तशाच बोटी ठिकठिकाणी ठेवल्या.