बेसबॉल पाहून राहिले का गप्पा हाणून राहिले?

मागच्या अंकात सहज एक ओळ लिहिली होती की आपल्या नागपुरातही पहाटे उठून बेसबॉल पाहणारे लोक आहेत, तर त्यावर भरपूर पत्रं अन् मेसेज आले. गंमत म्हणजे खेळाच्या नियमांबद्दल एकानंही विचारलं नाही, सगळे मॅच चालू असताना होणाऱ्या इकडच्या-तिकडच्या गप्पांबद्दलच विचारून राहिले. म्हणून आज फक्त तेच.

प्रश्न : ताई, आम्ही कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेले काही जण आहोत, आता सगळ्यांची पोटं सुटली, पण सीझन चालू असला की रविवारी रात्री एकाच्या घरी जमून लॅपटॉप टीव्हीला जोडतो अन् एमएलबीची, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉल लीगची, मॅच लावतो. पहिल्या इनिंगला बेसबॉलच असतो, पण दुसऱ्या इनिंगपासून कूलरचा वाळा कुठून आणला, पोरीच्या ॲडमिशनचं काय झालं, वर्धा रोडवर किती वेळ अडकलो, हेच सुरू. आता एक नवीन पोट्टा येऊन राहिला, त्याला सगळे आकडे पाठ, तो परवा चिडून म्हणाला की मॅच पाहायची तर मॅच पाहा, नाहीतर सरळ टपरीवर जाऊन बसा. चूक त्याची का आमची?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : भाऊ, आधी त्या पोट्ट्याला आकड्यातच उत्तर देऊ, कारण त्याला तीच भाषा आवडते. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नल या पेपरवाल्यांनी घड्याळ लावून मोजलं होतं की बेसबॉलच्या अख्ख्या मॅचमध्ये खरोखर काही घडत असतं ते किती वेळ, तर उत्तर आलं साधारण १८ मिनिटं! तीन तासांच्या मॅचमध्ये १८ मिनिटं. बाकी वेळ पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, बॉल चोळतो, बॅटर ग्लोव्ह आवळतो, कॅचर बोटांनी खुणा करतो, कोच नाक-कान-टोपीला हात लावत काहीबाही इशारे करतो. त्या वेळात माणसानं करायचं काय, टीव्हीकडे डोळे फाडून बसायचं?

बरं, हा रिकामा वेळ कमी करायचा प्रयत्न एमएलबीनं केला. २०२३ पासून पिच क्लॉक आणलं, म्हणजे बॉल कधीपर्यंत टाकायचा त्याचं घड्याळ, बेसवर कोणी नसेल तर पिचरला १५ सेकंद, रनर असेल तर २०, ते पुढच्या वर्षी १८ केले. त्यामुळं नऊ इनिंगच्या मॅचची सरासरी २०२२ मध्ये ३ तास ४ मिनिटं होती ती एका सीझनमध्ये २ तास ४० मिनिटांवर आली. आता मला सांगा, रन काही कमी झाले नाहीत, आउट तेवढेच, मग ही २४ मिनिटं गेली ती कोणाची गेली? आपल्या गप्पांची गेली नं. तरी लोकांनी बोलणं काही सोडलं नाही, थोडं फास्ट बोलायला लागले इतकंच.

अन् बोलतात फक्त आपल्यासारखे सोफ्यावर बसलेले लोक असं समजू नका. विन स्कली नावाचे कॉमेंटेटर होते, १९५० ते २०१६ अशी ६७ सीझन डॉजर्स टीमच्या मॅच सांगायचे, अन् बहुतेक वेळा एकटेच, बाजूला गप्पा मारायला दुसरा कोणी नाही. दोन पिचच्या, म्हणजे पिचरनं टाकलेल्या दोन बॉलच्या, मधे ते कुठल्याही गोष्टीत शिरायचे. मॅडिसन बमगार्नर हा पिचर तर समोरच्या जायंट्स टीमचा, पण त्याची एक गोष्ट त्यांनी अशी रंगवून सांगितली होती की बमगार्नरनं कुऱ्हाडीनं साप मारला, सापाच्या पोटातून सशाचं पिल्लू निघालं, ते जिवंत होतं म्हणून नवरा-बायकोनं त्याला सांभाळलं, मोठं केलं अन् सोडून दिलं. आता सशाचा अन् बेसबॉलचा काय संबंध? काहीच नाही. पण पिच पडला की स्कली वाक्य तिथंच तोडायचे, बॉल का स्ट्राइक ते सांगायचे अन् परत सशाकडे यायचे, अन् ऐकणाऱ्याचं दोन्हीकडे लक्ष.

तर माझ्या मते सगळा फैसला इथंच होतो. विषय कोणता आहे यावरून भांडू नका, वाळा असो, ॲडमिशन असो, काही बिघडत नाही. पण पिचरनं हात उचलला की वाक्य तोडता आलं पाहिजे. तुमच्यापैकी कोणी पिच पडून राहिला तरी वर्धा रोडच सांगत असेल अन् वरून होम रन गेल्यावर "काय झालं बे, काय झालं" विचारत असेल तर चूक तुमची, अन् तो पोट्टा इनिंग ब्रेकमध्येही तोंडाला कुलूप लावायला सांगत असेल तर चूक त्याची. नऊ इनिंगच्या मॅचमध्ये सोळा-सतरा वेळा बॅटिंगची टीम बदलते, दर वेळी दोनेक मिनिटं मिळतात, पिचर बदलला की आणखी. एवढ्यात ॲडमिशनचा आख्खा विषय संपतो.

खुद्द मैदानात काय चालतं तेही त्याला सांगा. नियमाच्या पुस्तकात लिहिलेलं आहे की युनिफॉर्ममध्ये असताना समोरच्या टीमच्या खेळाडूंशी सलगी करायची नाही, अन् फर्स्ट बेसवर पाहाल तर पानठेल्यासारखं वातावरण. सिनसिनाटी रेड्सचा शॉन केसी फर्स्ट बेसवर उभा राहायचा, तिथं येणाऱ्या प्रत्येक रनरची विचारपूस करायचा, म्हणून त्याचं नावच 'मेयर' पडलं होतं. हिट मारून आलेला माणूस धापा टाकून राहिला अन् हा त्याला घरचे कसे आहेत विचारून राहिला!

एक करा, त्या पोट्ट्याच्या हातात स्कोअरबुक द्या. खरंच सांगते. शॉर्टस्टॉपपासून सेकंड अन् तिथून फर्स्ट असा डबल प्ले, म्हणजे एकाच बॉलवर दोन आउट, झाला की त्या जागांचे नंबर ६-४-३ लिहायचे, तीन स्ट्राइक होऊन स्ट्राइकआउट झाला की के लिहायचं, हे काम ज्याच्याकडे आहे त्यालाच "थांबा" म्हणायचा हक्क. त्याला मान मिळेल, तुम्हाला ब्रेक लागेल, अन् दोन-चार रविवारांत तोही स्वतःच्या लग्नाच्या स्थळांबद्दल बोलायला लागेल, पाहाच.

प्रश्न : माझ्या मुलाचे मित्र ऑक्टोबरात पहाटे साडेपाचला घरी येतात, वर्ल्ड सीरिज म्हणे, त्या बेसबॉलची फायनल. मला तो खेळ समजत नाही पण पोरांत बसायला आवडतं. मी काही बोलले की कधी सगळे हसतात, कधी सगळे "आई, एक मिनिट" म्हणून गप्प करतात. नेमकं बोलायचं केव्हा हे कळत नाही.
— एक काकू, प्रतापनगर

उत्तर : काकू, तुम्ही बोला. पहाटे साडेपाचला पोरांसाठी दार उघडणाऱ्या बाईला गप्प करायचा हक्क कोणाला आहे?

तरी खुणा सांगून ठेवते. मॅनेजर रमतगमत पिचरकडे चालत निघाला की बिनधास्त बोला, तेही तिथं तोंडावर ग्लोव्ह धरून बोलतच असतात. अंपायरनं कानाला हेडफोन लावला म्हणजे रिव्ह्यू सुरू, तेव्हाही बोला, चहासुद्धा टाकून या. अन् मोठ्या बॅटरला मुद्दाम फुकट बेस देतात तेव्हा तर २०१७ पासून एक बॉलही टाकावा लागत नाही, नुसता इशारा करायचा अन् तो चालायला लागतो. पण स्क्रीनच्या कोपऱ्यात ३-२ असा आकडा दिसला, म्हणजे तीन बॉल अन् दोन स्ट्राइक, आणखी एक बॉल तर फुकट बेस अन् एक स्ट्राइक तर आउट, अन् दोन आउट झालेले असले तर तेवढा एक बॉल जाऊ द्या, कारण पुढच्या बॉलवर बहुतेक काहीतरी होणारच, अन् पोरांचा श्वास अडकलेला असतो.

आता एक मजेची गोष्ट. एक वेळ अशी असते की बेसबॉलवाल्यांना बेसबॉलबद्दल बोलायचीच बंदी असते! एखाद्या पिचरनं सहा-सात इनिंग एकही हिट दिलेला नसला की त्याचे टीममेट त्याच्या बाजूला बसत नाहीत अन् त्या गोष्टीचं नाव काढत नाहीत, काढलं की नजर लागते असं मानतात, अन् घरी बसलेले फॅनही ते पाळतात. १९५६ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये यांकीजच्या डॉन लार्सननं परफेक्ट गेम टाकला, २७ बॅटर आले अन् २७ आउट झाले, वर्ल्ड सीरिजमधला तसा तो एकमेव. त्या दिवशी लार्सन स्वतःच डगआउटमध्ये, म्हणजे टीमच्या बसायच्या जागेत, त्याबद्दल बोलायला गेला तर त्याचा टीममेट मिकी मँटल तिथून उठून निघून गेला असं सांगतात. तर काकू, तुमची पोरं एखाद्या सकाळी उगाच हवापाण्यावर बोलून राहिली, एकमेकांकडे पाहत नाहीत, असं दिसलं तर समजून घ्या, अन् त्या वेळी तुमच्या सांबारवडीच्या रेसिपीइतका उपयोगी विषय दुसरा नाही. खुशाल सुरू करा. फक्त "अरे, याला कोणी मारूनच नाही राहिलं का?" असं विचारू नका, घरात भूकंप होईल.

अन् नाश्त्याचा अंदाज थोडा मोठाच ठेवत जा. २०२५ च्या वर्ल्ड सीरिजची तिसरी मॅच, डॉजर्स अन् टोरांटो ब्लू जेजची, १८ इनिंग चालली, ६ तास ३९ मिनिटं. आपल्याकडे पावणेसहाच्या आसपास सुरू झाली अन् फ्रेडी फ्रीमननं होम रन मारून संपवली तोवर दुपारचे बारा वाजून गेले होते, म्हणजे तर्री पोह्यापासून वरण-भातापर्यंत एकच मॅच. त्यात डॉजर्सचा ओतानी नऊ वेळा बेसवर पोचला, त्यातल्या चार वेळा समोरच्यांनी त्याला मुद्दाम सोडलं, म्हणजे बोलायला चार ब्रेक जास्तीचे. नऊ इनिंगच्या गप्पा सगळ्यांनाच जमतात हो, अठरा इनिंगला स्टॉक लागतो.

प्रश्न : आमच्यात कोणी राजकारण काढलं की मॅच राहते बाजूला अन् दोघं एकमेकांवर ओरडतात. बंदी घालू का?
— एक वाचक, सदर

उत्तर : नागपुरात राजकारणावर बंदी? कोण पाळणार? तिसरा आउट झाला की विषयही आउट, एवढाच नियम करा. नवीन इनिंग, नवीन विषय. ज्यानं जुना उकरला त्यानं सगळ्यांचा चहा सांगायचा.

प्रश्न : नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मॅचच नसते. भेटावंसं वाटतं पण भेटून करायचं काय, उगाच बसलो तर गमत नाही.
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : असं कसं? खरा बोलायचा सीझन तर तोच. अमेरिकेतही थंडीत मैदानं बंद असतात तेव्हा लोक कोण कुठं गेला, कोणाला किती पैसे मिळाले यावरच महिनेच्या महिने काढतात. तुमच्यात एखादे बँकेतून रिटायर झालेले काका असतीलच, त्यांना फक्त बॉबी बोनिया या जुन्या खेळाडूचं नाव सांगा अन् मागं सरकून बसा.

हा बोनिया शेवटचा खेळला २००१ मध्ये. न्यूयॉर्क मेट्स टीमला त्याचे ५९ लाख डॉलर देणं होतं, ते २००० मध्येच देऊन मोकळं व्हायचं सोडून त्यांनी ठरवलं की ८ टक्के व्याज धरून २०११ पासून हप्ते देऊ. म्हणून आजही दर १ जुलैला त्याला जवळपास ११ लाख ९० हजार डॉलर मिळतात अन् २०३५ पर्यंत मिळत राहणार, एक बॉल न खेळता! आमच्या ओळखीतल्या एका काकांनी हे ऐकलं अन् पुढचा तासभर कोणत्या बँकेत सिनियर सिटिझनला किती टक्के, पोस्टात किती, अन् आमच्या वेळी व्याज कसं मिळायचं, यावरच बोलत राहिले, बेसबॉल कुठल्या कुठं गेला. मग ओतानीचं काढा, २०२३ च्या डिसेंबरात १० वर्षांचे ७० कोटी डॉलर ठरले, त्यातले ६८ कोटी त्यानं नंतर घेतो म्हटलं, २०३४ ते २०४३ मध्ये, अन् तेही बिनव्याजी. बोनियाला ८ टक्के अन् ओतानीला शून्य! यावर काका ज्या आवाजात "भैताड आहे का तो?" म्हणतील ते ऐकायला तरी जमा. त्याच्या जाहिरातींच्या कमाईचा हिशोब दुसऱ्या बैठकीला ठेवा, सगळं एकाच दिवशी संपवू नका, हुरडा पार्टीपर्यंत पुरवायचं आहे.

प्रश्न : मी सकाळी ड्युटीवर असतो, मॅच संध्याकाळी पाहतो. ग्रुपवर स्कोअर टाकू नका असं सगळ्यांना हात जोडून सांगितलं, ते टाकतही नाहीत, तरी मला निकाल कळून जातो. कसं काय?
— एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : कारण तुमची माणसं स्कोअर लपवतात पण मूड लपवत नाहीत. टीम जिंकली की सकाळी दहापर्यंत दीडशे मेसेज, कोणाच्या मेव्हण्याची नवी गाडी, कोणाच्या कुत्र्याचा फोटो, अन् हरली की एकदम शुकशुकाट, फार तर कोणीतरी लाइट गेली का म्हणून विचारतो. मेसेज मोजले तरी निकाल कळतो! म्हणून संध्याकाळपर्यंत ग्रुप म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाका म्हणजे आकडाच दिसणार नाही, अन् ग्रुपमध्ये समोरच्या टीमचा जो एक फॅन असेल त्यानं वेगळा पर्सनल गुड मॉर्निंग पाठवला तर तो अजिबात उघडू नका.