पेटी वाजते पण तोंड उघडत नाही

"ताई, मी देवाची स्तुती करते तेव्हा खोटं बोलल्यासारखं वाटतं, आणि नाही केली तर वाटतं माझाच विश्वास कमी पडला म्हणून ते गेले." हे वाक्य माझ्याकडे मन मोकळं करायला येणाऱ्या बऱ्याच जणांकडून थोड्याफार फरकाने ऐकलंय. ही मात्र मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवणारी, महिला मंडळात गाणी बसवणारी बाई. (तिला विचारूनच लिहितेय, तपशील बदललेत.)

नवरा डायलिसिसवर होता, चौदा महिने. उपास झाले, रात्रभर प्रार्थना झाल्या, आणि तो गेला. नंतरच्याच रविवारी साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायच्या वेळी, कोणीतरी उभं राहून सांगितलं, आमचे मिस्टर बरे झाले, प्रभूने ऐकलं. ही पेटीवर बोटं ठेवून बसलेली.

पर्समधून तिने वही काढली. प्रार्थनेचे विषय ओळीने लिहिलेले, उत्तर मिळालं की लाल पेनने टिक. मुलीचं ॲडमिशन, टिक. दिराची नोकरी, टिक. नवऱ्याच्या नावापुढे काही नाही, तिथला कागद मात्र बोट फिरवून फिरवून मळलेला.

खरं सांगते, पहिल्या भेटीत मी माती खाल्ली. "देवाची काहीतरी योजना असेल" असं बोलून गेले आणि तिने घड्याळाकडे बघितलं. मग मुकाट्याने झोप लागते का, जेवण जातं का ते विचारलं. तीन आठवडे नीट झोप नव्हती म्हणून आधी डॉक्टरकडे पाठवलं, ते प्रार्थनेने भागेल असं मी कोणालाच सांगत नाही.

दुसऱ्या भेटीत तिच्या विश्वासाच्या मापाबद्दल बोललो. बायबलमधल्या प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं दुखणं, काढ म्हणून देवाला तीनदा विनंती केली, काटा राहिला. पकडलं जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला टळू दे म्हटलं, टळला नाही. यांचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? मग हाच हिशोब बायकांच्याच माथी का मारतात कळत नाही मला.

आणि स्तुतीचं म्हणाल तर बायबलमधल्या स्तोत्रसंहितेला हिब्रूत तहिल्लीम म्हणतात, म्हणजे स्तुतिगीतं, आणि त्यातच ८८ वं स्तोत्र आहे जे सुरुवातीपासून रडतं आणि अंधारावरच संपतं, शेवटी गोड वळण वगैरे काही नाही, तरी कोणी ते काढून टाकलं नाही. म्हणजे तक्रार घेऊन त्याच्यापुढे जाणं हेही त्याला देव मानणंच झालं ना, ज्याच्याकडून काही आशाच नाही त्याच्याशी कोण भांडतं?

ती म्हणाली, "म्हणजे रागावून बसले तरी चालेल?" म्हटलं, चालेल, फक्त त्याच्यासमोर बस.

तिसऱ्या भेटीत १३ वं स्तोत्र वाचायला दिलं. सहाच ओव्या, पहिल्या दोनातच "किती वेळ" चारदा येतं. चौथ्या ओवीपर्यंत वाचलं आणि थांबली. पुढच्या दोन ओव्यांत भरवसा आणि गाणं आहे. "हे आज नाही जमणार." मी म्हटलं ठीक आहे, पुस्तक मिटा.

दीड महिन्याने रविवारी दुपारी फोन आला. मागे भांड्यांचा आवाज.

"ताई, आज मी गायले नाही."

"बरं."

"पण पेटी वाजवली. सगळी गाणी. आणि त्या दोन ओव्या घरी आल्यावर वाचल्या, मोठ्याने नाही, मनातच."

"आणि वही?"

"त्यांच्या नावापुढे टिक नाही केली," ती म्हणाली, "किती वेळ असं लिहून ठेवलंय. लाल पेननेच."