तिसरीतल्या मुलाची गैरहजेरी वाढल्यास शाळा नाव काढून टाकू शकते का?

नाही. आपला मुलगा तिसरीत आहे, गावी आजीच्या आजारपणामुळे त्याचे वीस दिवस बुडाले आणि शाळेने पटावरून नाव कमी करण्याची ताकीद दिली, असे आपण लिहिले आहे. परंतु बालकांच्या शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मागे ठेवण्याची मुभा आली असली, तरी ती वार्षिक परीक्षेशी जोडलेली आहे, हजेरीशी नाही, आणि तिसरीला ती लागूच होत नाही. ‘75 टक्के हजेरी नसेल तर नापास’ हे पालकांच्या तोंडी बसलेले वाक्य मंडळाच्या परीक्षांवरून आलेले आहे.

याचा अर्थ रजा मनाला येईल तशी घ्यावी असा मात्र नव्हे. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला किमान 200 कामाचे दिवस ठरवले आहेत, म्हणजे आपल्या मुलाच्या शाळेच्या वर्षाचा जवळजवळ दहावा भाग बुडाला. मुलाच्या नियमित उपस्थितीबद्दल पालकांना भेटून सांगणे हे कलम 24 नुसार शिक्षकांचे कर्तव्य असल्याने त्यांची विचारणा रास्तच आहे, धमकी तेवढी गैर.

वर्गशिक्षकांना कारण व तारखांसह रजेचा अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि बुडालेला अभ्यास मागून घ्यावा. तरीही नाव कमी केले, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी.