वाचकांचे प्रश्न : जपानशी लढलेले चिनी लढवय्ये, पडद्यावर आणि प्रत्यक्षात

जपानने 1931 मध्ये चीनचा ईशान्य भाग, म्हणजे मांचुरिया, घेतला, 1937 मध्ये उरलेल्या चीनवर चाल केली आणि हे युद्ध 1945 पर्यंत चाललं. त्यावरचे चित्रपट आणि मालिका पाहून आलेल्या प्रश्नांपैकी काही या अंकात घेत आहोत.

प्रश्न : एका चिनी मालिकेत नायक जपानी सैनिकाला नुसत्या हातांनी उभा फाडतो. आणखी एका दृश्यात हातबॉम्ब फेकून विमान पाडतात. याला काही आधार आहे का?

उत्तर : अजिबात नाही. चिनी प्रेक्षकांनीही यावर टीकेची झोड उठवली, आणि 2013 मध्ये तिथल्या सरकारी नियामकाने अतिरंजित युद्धमालिकांना चाप लावायचं ठरवलं. तरी त्या निघत राहिल्या. हा विषय सेन्सॉरमधून सहज सुटतो, आणि हेंगदियानच्या चित्रनगरीत गणवेशांपासून गावांपर्यंत सगळं तयार मिळतं.

आमचा राग मात्र फाडाफाडीपेक्षा न संपणाऱ्या गोळ्यांवर जास्त आहे. गनिमी लढ्याची सगळी रीत तुटवड्यातून घडली होती. कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीतल्या सैनिकाकडे कित्येकदा मोजक्याच गोळ्या असत. म्हणून हल्ला रात्री आणि अगदी जवळून व्हायचा. थोड्या गोळ्या झाडायच्या, हातबॉम्ब टाकायचे, संगिनी घेऊन भिडायचं आणि शत्रूची कुमक पोचायच्या आत पसार व्हायचं. रिकाम्या पुंगळ्यासुद्धा वेचून न्यायच्या, कारण त्या पुन्हा भरल्या जात. हे सगळं वगळलं की ती माणसं इतक्या जिवावरचं का लढत होती, तेच कळत नाही.

प्रश्न : दृश्यातली हत्यारं बरोबर आहेत का, हे सामान्य प्रेक्षकाने कसं ओळखावं?

उत्तर : आधी गोळ्या मोजा. म्होरक्याच्या कमरेला लाकडी खोळीत दिसणाऱ्या माउझर पिस्तुलात साधारणपणे 10 गोळ्या मावतात. चिनी बनावटीच्या हानयांग रायफलीत 5, आणि प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे ओढावाच लागतो. वरून मॅगझिन बसणाऱ्या चेक बनावटीच्या मशीनगनमध्ये 20 गोळ्या असतात. घोडा दाबून धरला तर दोन-तीन सेकंदांत ती रिकामी होते.

मग गोळीचं माप बघा. चिनी सैन्याच्या बहुतेक रायफली 7.92 मिलिमीटरच्या, तर जपानी टाइप 38 रायफल 6.5ची. म्हणजे शत्रूची बंदूक हिसकावली, तरी तिच्या गोळ्याही त्याच्याकडूनच मिळवायला हव्यात. नायक जपानी रायफल उचलतो आणि आपल्याच पट्ट्यातल्या गोळ्या तिच्यात भरतो, असं दिसलं की समजा, सल्लागार नेमलेलाच नाही.

लाकडी दांड्याच्या हातबॉम्बची दोरी ओढली की चार-पाच सेकंदांनी तो फुटे. डोंगरातल्या छोट्या कारखान्यांत बनलेल्या बॉम्बचं ओतीव लोखंड ठिसूळ आणि दारू कमजोर असल्याने कधी कधी त्याचे नुसते दोन-तीन तुकडे होत. म्हणून ते एकदम पुष्कळ फेकले जात. पडद्यावर दिसणारा आगीचा लोळ पेट्रोलचा असतो.

प्रश्न : 'टनेल वॉरफेअर' (1965) मध्ये दाखवलेली भुयारं खरंच होती का?

उत्तर : होती. हा चित्रपट चिनी सैन्याच्या ऑगस्ट फर्स्ट स्टुडिओने गावोगावच्या मिलिशियाला, म्हणजे गावकऱ्यांच्या सशस्त्र दलांना, शिकवण्यासाठी काढला होता, म्हणूनच त्यात प्रत्येक युक्ती पायरीपायरीने समजावलेली दिसते. हेबेई प्रांताच्या मैदानात लपायला डोंगर नाहीत. पीक कापलं की माणूस लांबूनही दिसतो. मग गावं जमिनीखाली गेली. रानझुआंगची भुयारं आज जतन केलेली आहेत: जमिनीपासून सुमारे 2 मीटर खाली, 1 ते 1.5 मीटर उंच आणि 70-80 सेंटिमीटर रुंद. म्हणजे वाकून, एकामागे एकच माणूस जाणार. तोंडं चुलीत, गव्हाणीखाली, विहिरीच्या भिंतीत, नाहीतर झोपायच्या तापत्या ओट्याखाली. चित्रपटातल्यासारखा उजेड आणि ऐसपैस जागा तिथे नव्हती. ती कॅमेऱ्याची गरज.

सुरुवातीची भुयारं फक्त लपण्यासाठी होती, आणि तिथेच घात झाला. तोंड सापडलं की आतली माणसं कोंडली जात. 27 मे 1942 रोजी बेइतान गावाच्या भुयारात जपानी तुकडीने विषारी वायू सोडला. चिनी नोंदींनुसार 800हून अधिक लोक मारले गेले, आणि त्यांत गावकऱ्यांचा भरणा मोठा होता. त्या उन्हाळ्यानंतर लढता येईल अशी भुयारं वाढत गेली. त्यांना अनेक तोंडं होती, शेजारच्या गावांशी जोड होता, वायू अडवायला झाकणं होती आणि ओतलेलं पाणी विहिरीत उतरेल अशी वाट होती. मध्येच एखादी जागा इतकी अरुंद ठेवत, की आत शिरलेल्या शत्रूला एकेकट्याने सरपटत यावं लागे आणि दबा धरून बसलेला एक माणूसही त्याला पुरा पडे. चित्रपट पाहताना बेइतान आठवावं, ही आमची कळकळीची विनंती.

प्रश्न : 'द एट हंड्रेड' (2020) मधले सैनिक खरंच 800 होते का?

उत्तर : नाही, 400च्या थोडे वर. शत्रूला खरा आकडा कळू नये म्हणून 800 सांगितले गेले. 26 ऑक्टोबर ते 1 नोव्हेंबर 1937 या काळात शिए जिनयुआन यांच्या हाताखाली त्यांनी शांघायचं सिहांग गोदाम लढवलं. हे चीनच्या तेव्हाच्या राष्ट्रवादी सरकारचं, म्हणजे कम्युनिस्टांच्या प्रतिस्पर्ध्यांचं, शिकवून तयार केलेलं सैन्य होतं, गोदामात धान्य आणि दारूगोळा भरलेला होता. त्यामुळे इथला गोळीबार खटकत नाही. मोठ्या आघाड्यांचा बहुतेक भार याच सरकारच्या सैन्याने उचलला, पण चीनच्या मुख्य भूमीवरच्या सिनेमाने 1980च्या दशकापर्यंत त्यांना फारशी जागा दिली नाही. पुढची कथाही करुण आहे: गोदामातून बाहेर पडल्यावर शांघायच्या परकीय वसाहतीत त्यांना नजरकैदेत ठेवलं गेलं आणि 1941 मध्ये शिए आपल्याच काही सैनिकांच्या हातून मारले गेले.

प्रश्न : व्ही. शांताराम यांच्या चित्रपटात डॉ. कोटणीस प्लेगने जातात. ते खरं आहे का?

उत्तर : नाही. 9 डिसेंबर 1942 रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचं निधन झालं, वयाच्या 32व्या वर्षी. तोवर ते आठव्या रूट आर्मीबरोबर काम करत होते आणि बेथून रुग्णालयाचे संचालक होते. लग्न चिनी परिचारिका-शिक्षिकेशी झालं, हे खरं.

प्रश्न : मांचुरियातल्या लढ्यावर एखादा चांगला चित्रपट सुचवाल का?

उत्तर : 'डॉटर्स ऑफ चायना' (1949), दिग्दर्शक लिंग झिफेंग. ऑक्टोबर 1938 मध्ये उसिहुन नदीकाठी आठ स्त्रियांनी गोळीबार स्वतःवर ओढवून घेतला, म्हणजे मुख्य तुकडीला निसटता यावं. गोळ्या संपल्यावर शरण न जाता त्या नदीत उतरल्या आणि तिथेच त्यांनी प्राण दिले. म्होरकी लेंग युन 23 वर्षांची, सर्वांत धाकटी 13ची. पात्रांची नावं बदलली असली तरी प्रसंग तोच आहे.

तिथल्या हिवाळ्याचा चित्रपट पाहाल तेव्हा शेकोटीवर लक्ष ठेवा. धूर आणि बर्फातली पावलं शत्रूला वाट दाखवत. शिवाय जपान्यांनी गावकऱ्यांना कुंपणबंद वस्त्यांत कोंडून लढवय्यांचं धान्य तोडलं होतं. सेनानी यांग जिंगयू फेब्रुवारी 1940 मध्ये मारले गेले, तेव्हा जपान्यांनी त्यांचं पोट फाडून पाहिलं. आत गवताची मुळं, झाडाची साल आणि कापूस निघाला. भरल्या ताटाभोवती बसून बेत आखणारी तुकडी दाखवणाऱ्या मालिका या माणसावर अन्याय करतात.